आठ बोल्टांची फळी

मामा गेले त्याला आता पाच आठवडे झाले. मला त्यांचं सुतक नव्हतं. ते माझ्या नात्यातले नव्हते, गावचेही नव्हते. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या धरणावर होतो तिथले ते पाणबुडे, एवढाच आमचा संबंध. धरणावर सगळेच त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तरी दहाव्याला जाऊन आल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. वाचायला घेतलेलं पुस्तक त्याच पानावर उघडं पडलं आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. रोज थोडं लिहितो, त्यातलं पुष्कळसं खोडतो.

धरण लहान होतं, अकोल्याच्या पुढे डोंगरात. एसटी जिथे संपायची तिथून जीप मिळाली तर जीप, नाही तर पायी. मी तिथे तांत्रिक कारकून म्हणून गेलो तेव्हा बाविशीत होतो. भिंगारच्या चाळीत वाढलेला मुलगा. पाणी म्हणजे चाळीचा नळ आणि त्याखालचा हौद, एवढीच माझी ओळख. पोहायला मी तेव्हाही शिकलो नव्हतो आणि नंतरही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माणूस पाण्याखाली किती चांगलं काम करतो हे ठरवण्याचं काम पुढे माझ्याकडे आलं.

सत्तरनंतरच्या दुष्काळाची ती वर्षं. आमच्या डोंगरात भातापुरता तरी पाऊस व्हायचा. खाली पूर्वेकडच्या तालुक्यांत माणसं रस्त्यावर खडी फोडत होती आणि घोडेगावच्या बाजारात बैल मातीमोल जात होते. अशात आमच्या धरणाच्या तळाचा लोखंडी दरवाजा गळत होता. अशा दरवाज्याच्या कडेला रबराची पट्टी असते, बोल्टांनी आवळलेली. बोल्ट सैल झाले की पट्टी सुटते आणि पाणी आपलं चोवीस तास वाहत राहतं. कोरड्यात दुरुस्ती करायची तर धरण रिकामं करावं लागलं असतं, आणि त्या वर्षी 'धरण रिकामं करा' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला जिल्ह्यात कुणी पाणीही पाजलं नसतं. तेव्हा बोल्ट पाण्याखाली जाऊनच आवळायचे. ते मामा करत.

त्यांच्याकडे ना मुखवटा होता ना हवेची नळी. पोटाशी एक मोठा धोंडा धरायचा, कमरेला दोर बांधायचा, मनगटाला सुतळीने पाना अडकवायचा आणि धोंड्याच्या वजनाने सरळ तळाशी जायचं. दम संपत आला की धोंडा सोडून वर यायचं. धोंड्याला वेगळा दोर असे, तो गडी ओढून घेत. कमरेचा दोर मात्र मामी धरत. दुसऱ्या कुणाच्या हाती मामा तो देतच नसत. त्यांच्यात तसा रिवाज होता, पाण्यात उतरणाऱ्याचा दोर घरच्या माणसाने धरायचा. मी कारण विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "गड्याला मदीच तमाकू मळायची आटवन व्हती."

मामी दोर धरून बसल्या की स्वतःही दम कोंडून धरत. तो सुटला की दुसरा कोंडायचा, मग तिसरा. तिसरा सुटला आणि मामा वर आले नाहीत तर त्या कुणाला काही न विचारता ओढायला लागत.

"माजं तीन दम म्हंजी ह्येंचा एक," त्या मला म्हणाल्या होत्या. "तुमच्या घड्याळात काय येतं ते तुमी बगा."

मामा रोजंदारीवर होते. पावसाळा लागला की मस्टर, म्हणजे रोजंदारांचा हजेरीपट, बंद व्हायचं आणि दिवाळीनंतर पुन्हा उघडायचं. दर दिवाळीला मामी कचेरीच्या पायरीशी येऊन उभ्या राहत आणि औंदा नाव घालणार का म्हणून विचारत. अशी चौदा वर्षं झाली होती. मामांना त्याचं काही वाटत नसावं, मामींना वाटे. मामा कायम व्हावेत, बस, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं, आणि ते त्या शिपायापासून उपअभियंता साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगत.

माझ्या दुसऱ्या वर्षी वरून पत्र आलं. धरणासाठी कायम पाणबुड्याची एक जागा मंजूर झाली होती. अट अशी, की उमेदवारांची पाण्याखालील कार्यक्षमता शास्त्रीय पद्धतीने मोजावी, आणि ज्याची जास्त भरेल त्याला घ्यावं. शास्त्रीय पद्धत कोणती हे पत्रात नव्हतं. साहेबांनी मला बोलावलं. मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या मते हा दोष कधीतरी कामाला यायला हवा होता.

"काहीतरी टक्केवारी निघेल असं करा," ते म्हणाले. "वरच्यांना टक्केवारी कळते."

मी नगरला जाऊन जुन्या ग्रंथालयात दोन दिवस बसलो. समुद्रावर काम करणाऱ्या पाणबुड्यांबद्दलचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं, पहिली काही पानं वाळवीने खाल्लेलं. त्यात पद्धत होती आणि ती मला फार सुंदर वाटली. एकच काम माणसाला आधी जमिनीवर करायला लावायचं, मग पाण्याखाली. जमिनीवरच्या वेळाला पाण्यातल्या वेळाने भागायचं. जे येईल ती त्याची कार्यक्षमता. जमिनीवर पाच मिनिटं लागली आणि पाण्यात दहा, तर पन्नास टक्के. मी वहीत उतरवून घेतलं आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून पुस्तक परत केलं.

परत येऊन मी सागाच्या फळीला आठ बोल्ट बसवून घेतले, अगदी दरवाज्यावर असतात तसे. तक्ता आखला. साहेबांनी तो वर पाठवला. वरून उत्तर आलं की पद्धत अत्यंत शास्त्रीय आहे आणि इतर ठिकाणीही वापरावी. त्यांनी तक्त्याच्या सायक्लोस्टाईल प्रती काढल्या. खाली कोपऱ्यात माझ्या हुद्द्याचा उल्लेख होता. मी एक प्रत भिंगारला वडिलांना पाठवली.

उमेदवार दोन होते. मामा, आणि ज्याला सगळे पहिलवान म्हणत तो एक तरुण. हा नेवाशाकडचा, विहिरीत पोहायला शिकलेला, अंगाने दांडगा आणि स्वभावाने सावकाश. त्याला जागेची ओढ नव्हती. मुकादमाचा तो मेहुणा होता आणि ओढ मुकादमाला होती.

चाचणीच्या दिवशी सकाळी धरणाच्या पायऱ्यांवर बरीच माणसं जमली. फळी आधी जमिनीवर ठेवली. मी घड्याळ दाबलं. मामांनी आठही बोल्ट दोन मिनिटांत आवळले. शेवटचे तीन तर डोळे मिटून, लोकांकडे तोंड करून. माणसं हसली. "पाना तापला न्हाई आजून," मामा म्हणाले. मग तीच फळी दोन पुरुष खोल पाण्यात खुंटीला बांधली आणि मामा धोंडा घेऊन उतरले. पाण्याखाली हाताखालचं दिसत नाही, पाना निसटतो, अंगाला जोर लावायला आधार नसतो, आणि दम घ्यायला वर यावं लागतं. सगळं धरून दहा मिनिटं लागली.

पहिलवानाने जमिनीवर आठ मिनिटं घेतली. मध्ये एकदा पाना खाली ठेवून त्याने कुणाला तरी एसटीची वेळ विचारली. पाण्यात त्याला चौदा लागली.

मी तिथेच पायरीवर बसून भागाकार केला. मामांची कार्यक्षमता वीस टक्के. पहिलवानाची सत्तावन्न.

पुन्हा केला. तेच आलं. ज्याने पाण्यात चार मिनिटं आधी काम संपवलं तो हरला होता, आणि हरण्याचं कारण एवढंच की तो जमिनीवरही चांगला होता. जमिनीवर जेवढा सावकाश, तेवढा पाण्यात कार्यक्षम. माझ्या तक्त्यानुसार आदर्श पाणबुडा तोच, ज्याला पाना कसा धरायचा हे कुठेच माहीत नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा नगरला गेलो आणि ते पुस्तक काढून पुढचं पान वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की चाचणीपूर्वी सर्वांकडून जमिनीवर इतका सराव करून घ्यावा की सर्वांना सारखाच वेळ लागेल. ते पान वाळवीने खाल्लेलं नव्हतं.

साहेबांना सांगणं हा सरळ मार्ग होता. मी त्यांच्या टेबलापर्यंत गेलोही. ते कुणाला तरी फोनवर माझ्या तक्त्याबद्दलच सांगत होते, त्यामुळे मी एक फाईल ठेवून परत आलो. चूक कबूल करायची तर वरच्यांचं कौतुकही परत करावं लागलं असतं, आणि सायक्लोस्टाईल झालेली गोष्ट चूक असू शकत नाही, हे मला तोवर कळलं होतं. त्याऐवजी मी टिपणी लिहिली, की पहिल्या चाचणीच्या वेळी पाण्यातली फळी हलत होती, सबब मामांची फेरचाचणी घ्यावी. साहेबांनी न वाचता सही केली.

संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. मामी भाकरी करत होत्या. मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की या वेळी मामांनी जमिनीवर जरा हळू करावं.

"हळू?" मामा म्हणाले. "का म्हनून?"

"तसं केलं की टक्के वाढतात."

"पान्यात बिगी करू की. त्यानं वाढत न्हाईत?"

"त्यानं थोडे वाढतात. यानं जास्त."

"भाऊसाहेब, गावासमोर हळू करू? लोकं म्हनतील मामाचं हात गेलं. आन् मी हळू करतो म्हनलं तरी हात आयकायचं न्हाईत."

"आयकतील," चुलीपाशी बसलेल्या मामी म्हणाल्या. "तुमी उद्या फळीफुडं बसा निस्तं. हात मी बगते."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ दाबलं, मामांनी पहिला बोल्ट हातात घेतला, आणि शेजारी येऊन बसलेल्या मामी अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या, "आपल्या लग्नात तुमच्या भनीनं माजी नथ नेली, ती आजून आनून दिली न्हाई."

मामांचा हात थांबला. "ह्ये आता काय काडलं?"

"काडलं न्हाई. आटवलं."

"तिनं दिल्ती की परत. पोराच्या बारशाला."

"ती दुसरी. ती खोटी हुती."

"खोटी? माजी भन खोटी नथ दील?"

"मी म्हनत न्हाई. नथ म्हनती."

पायऱ्यांवरची माणसं हसायला लागली. मामांनी पाना खाली ठेवला आणि ते मामींकडे वळून बसले. भांडण नथेवरून मामींच्या भावाच्या मानपानावर गेलं, तिथून एका शेळीवर आलं. मधूनच आठवण होऊन मामा एखादा बोल्ट आवळत आणि पुन्हा बोलायला लागत. आठवा बोल्ट आवळला तेव्हा दहा मिनिटं झाली होती. मामी उठल्या, पदर खोचला आणि दोर घेऊन पाण्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

मामा रागातच उतरले. शेळीचा मुद्दा अर्धवट राहिला होता. खाली त्यांनी तो राग बोल्टांवर काढला असावा, कारण आठ मिनिटांत काम संपवून ते वर आले आणि पाण्यातूनच म्हणाले, "आन् ती शेळी तुज्या बापानं गाभण म्हनून दिल्ती. हुती का?"

दहा भागिले आठ. एकशे पंचवीस टक्के.

हा आकडा मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तक्ता पहिल्यांदाच नीट वाचला.

"म्हणजे हा माणूस जमिनीपेक्षा पाण्यात चांगलं काम करतो?"

"तक्त्यानुसार तसं दिसतं, साहेब."

"असं नसतं हो. मासा आहे का तो?" त्यांनी लाल पेन्सिल काढली, थोडा विचार केला आणि परत ठेवली. "शंभराच्या वर गेलं की वरून शंका विचारतात. शंका आली की चौकशी येते. खाली आणा."

"किती, साहेब?"

"पंच्याण्णव करा. माणसात राहू द्या."

मी पंच्याण्णव केलं. माझ्या हातून झालेलं ते त्या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत अशास्त्रीय काम, आणि निकाल तेवढा एकच बरोबर लागला. मामा कायम झाले. मामींनी कचेरीत पेढे वाटले. पहिलवानाला वाईट वाटलं नाही. त्याने दोन पेढे घेतले. मुकादम आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पुढचं मी कुणालाच कधी नीट सांगितलेलं नाही, आणि मामींना तर नाहीच. मामांचं सेवापुस्तक तयार करताना मला नियमांचं पुस्तक चाळावं लागलं. या वेळी मी पुढची पानंही वाचली. कायम कर्मचाऱ्याला संरक्षक साहित्याशिवाय पाण्याखाली उतरवू नये, उतरवल्यास अधिकारी जबाबदार, असा नियम होता. रोजंदारीवरच्या माणसाबद्दल नियम काही म्हणत नव्हता. नियमाच्या लेखी तो आपल्या मर्जीने धोंडा घेऊन तळाशी जात होता.

साहेबांनी नियम वाचला आणि त्याच दिवशी मामांना पाण्यात उतरायला मनाई केली. साहित्याची मागणी वर गेली. वरून विचारणा आली की माप काय. माप पाठवलं. मग विचारणा आली की मागील साहित्याचं काय झालं. मागील साहित्य नव्हतंच, असं कळवलं. मग ते नव्हतं याचा दाखला मागवला गेला.

दरवाजा गळायचा थांबला नव्हता. म्हणून पहिलवानाला रोजंदारीवर घेतलं. त्याला घरचं माणूस जवळ नव्हतं, लग्न झालेलं नव्हतं. त्याचा दोर धरायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा मामीच येऊन बसल्या. "त्यो बी कुनाचा तरी हाय," म्हणाल्या. आणि मामा खाकी कपड्यांत भिंतीवर उभे राहून पाण्याकडे बघत ओरडायचे, "डावीकडचा आदी घे. डावीकडचा." खाली पहिलवानाला अर्थात काही ऐकू जात नव्हतं. मामा एका दमात जेवढं करत त्याला तो तीन घेई. मामी पहिलवानासाठीही दम कोंडायच्या की नाही, ते मी कधी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं म्हटलं तरी चालेल.

कार्यक्षमतेचा तक्ता दरवर्षी मार्चमध्ये भरावा लागे. पाण्यात उतरायला मनाई असलेल्या माणसाची पाण्याखालची कार्यक्षमता कशी काढायची, हे मी साहेबांना विचारलं. "गेल्या वर्षीची लिहा," ते म्हणाले. "घटली असं दाखवायला काही पुरावा आहे का तुमच्याकडे?" नव्हता. मी पंच्याण्णव लिहिलं. पुढच्या वर्षीही लिहिलं. माझी बदली झाल्यावर माझ्या जागी आलेल्याने लिहिलं. साहेब बदलले, दरवाजा बदलला, पहिलवान साखर कारखान्यात लागला, तरी मामांची कार्यक्षमता पंच्याण्णवच्या खाली आली नाही. जिल्ह्यात इतका सातत्याने उत्तम पाणबुडा दुसरा नसावा.

बदलीनंतरही मी वर्षातून एकदा तरी त्यांच्याकडे जात असे. मामांचं पोट सुटलं होतं. धरणाचा दरवाजा चालवायच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेले असायचे.

"भाऊसाहेब, आमचं सामान आलं का वो?"

"पत्रव्यवहार चालू आहे, मामा."

"आन् टक्के?"

"पंच्याण्णव."

"बरं हाय. उतरलं न्हाईत."

एवढंच. त्यात टोमणा होता का, हे मी परतीच्या गाडीत बसून दरवेळी तपासायचो. मला सापडला नाही. त्यांना पाण्यात जायचं होतं का, की सुटलो म्हणून बरं वाटत होतं, हे विचारायचं धाडस मी इतक्या वर्षांत एकदाही केलं नाही. मोजायचं माझ्याकडे काही नव्हतं आणि नुसतं विचारण्याची मला सवय नव्हती.

दहाव्याला जेवणं उरकल्यावर मामींनी पेटीतून कागद काढले. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज होता, सोबत सेवापुस्तकाची नक्कल. नातू शिकलेला आहे, त्याने सहज भरला असता, पण त्यांनी तो माझ्यासाठी ठेवला होता. मी ओट्यावर बसून भरायला लागलो. नाव. पदनाम, तिथे पाणबुडा लिहिलं. सेवेचा कालावधी, तिथे कायम झाल्याच्या तारखेपासून निवृत्तीच्या तारखेपर्यंत.

"काय लिवलं त्ये वाचा," मामी म्हणाल्या.

मी वाचलं.

"ही तर खुर्चीवरची वरसं."

"हो."

"आन् पान्यातली? चौदा वरसं हुती ती."

"ती मस्टरवरची, मामी. ती यात येत नाहीत."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, थोडा लांब धरून पाहिला. त्यांना वाचता येत नाही.

"ह्यात खोटं तर काय न्हाई ना?" त्यांनी विचारलं. "मागनं कुनी इचारायला नगं."

मी अर्ज परत घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश तपासला. नाव, पद, तारखा, सगळं सेवापुस्तकाशी जुळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."

"मग शाई द्या," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी डावा अंगठा पुढे केला.